मागच्या चाकांना डिस्क हवी का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सांगलीचा माझा भाचा त्याच्या जुन्या मारुती ८०० मधून आम्हांला पाचगणीला घेऊन गेला होता. गाडी २०१० सालची, त्याने दुसऱ्याकडून विकत घेतलेली. परतताना पसरणीचा घाट उतरून वाईजवळ आलो तेव्हा गाडीत काहीतरी करपल्याचा वास भरला होता. शेवटच्या दोन-तीन वळणांवर तो एरवीपेक्षा पुढे वाकून, पाय पूर्ण ताणून ब्रेक दाबत होता, हे मला मागच्या सीटवरून दिसत होते. तेव्हा तो काही बोलला नाही. घाट संपल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "मावशी, पेडल पार खाली जात होतं गं."

आम्ही अर्धा-पाऊण तास थांबलो. नंतर ब्रेक नेहमीसारखा लागू लागला आणि आम्ही साताऱ्याला पोहोचलो. सांगलीला परतल्यावर त्याने शंभर फुटी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. मिस्त्रींनी चक्कर मारून पाहिली. ब्रेक व्यवस्थित! मग त्यांनी सल्ला दिला, "मागं ड्रम हाय नव्हं, पुढच्यासारखी मागंबी डिस्क टाकून घ्या. घाटाचं टेन्शनच मिटलं." दुसऱ्या एका गाडीचे सुटे भाग घेऊन, एक पट्टी वेल्ड करून हे काम होते म्हणे. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या मानाने बराच होता. भाच्याचा मला फोन आला, "टाकू का?"

माझे संशोधन धातूंवरचे आहे, मोटारींवरचे नाही. तरीही हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचे उत्तर शोधायला आठवी ते बारावीच्या पुस्तकांतले पदार्थविज्ञान जवळजवळ पुरते. गाडी ही निमित्त आहे. पण त्या गाडीत आम्ही चौघे होतो, हेही विसरता येत नाही.

घाट म्हणजे किती उष्णता?

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो ऊर्जेचे रूपांतर करतो. गाडीची गतिज किंवा स्थितिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत जाते आणि ती उष्णता हवेला देऊन टाकावी लागते. आता थोडे गणित करू या.

चौघांसह आमच्या गाडीचे वस्तुमान ९०० किलोग्रॅम धरू. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने जाणारी ही गाडी थांबवायची तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख २५ हजार ज्यूल भरते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १२९० मीटर उंचीवर आहे आणि वाई सुमारे ७१५ मीटरवर. म्हणजे १२-१३ किलोमीटरच्या रस्त्यात आपण ५७५ मीटर खाली येतो. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची असे केले की सुमारे ५० लाख ज्यूल मिळतात. याचा अर्थ असा, की एकदा घाट उतरणे म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगावरून चाळीस वेळा गाडी थांबवणे, आणि तेही लागोपाठ.

अर्थात ही सगळी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागत नाही. टायर रस्त्यावर लोळताना होणारा विरोध आणि हवेचा विरोध मिळून साधारण २० लाख ज्यूल परस्पर संपतात. उरलेल्या ३० लाखांचे काय? चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली किंवा क्लच दाबून धरला, तर ते सगळे ब्रेकवर येतात. एवढ्या छोट्या गाडीच्या चारही ब्रेकमधले बिडाचे लोखंड १२ किलोग्रॅम धरू. एक किलोग्रॅम बीड एक अंशाने तापवायला सुमारे ४६० ज्यूल लागतात. वाऱ्याने काहीच थंड केले नाही असे क्षणभर मानले, तर तापमान साडेपाचशे अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात वारा सतत उष्णता नेत असतो, म्हणून ते इतके वर जात नाही. परंतु ब्रेकचे काम कोणत्या पातळीवर चालते याचा अंदाज या आकड्यावरून येतो. उलट, सपाट रस्त्यावर ताशी ६० वरून एकदा थांबलो तर याच लोखंडाचे तापमान जेमतेम २३ अंशांनी वाढेल.

इथेच दोन वेगळे प्रश्न आहेत हे ध्यानात येईल. पहिला, एकदम थांबायचे असेल तर गाडी किती अंतरात थांबेल? दुसरा, बराच वेळ ब्रेक लावत राहिल्यास तो टिकेल का? 'ब्रेक चांगला' असे म्हणताना बहुतेक जण या दोन्हींची गल्लत करतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्रेकपेक्षा टायरकडे जास्त आहे. ब्रेक कितीही जोरदार असला तरी गाडीला अडवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यामध्येच निर्माण होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक ०.८ धरला, तर ताशी ६० वरून थांबायला सुमारे १८ मीटर लागतात. चाक फिरायचे थांबेल इतका जोर जो ब्रेक लावू शकतो, त्याच्या जागी दुप्पट जोराचा ब्रेक बसवला तरी हे अंतर कमी होणार नाही. या गणितात गाडीचे वस्तुमान येतच नाही. विद्यार्थ्यांना ते का येत नाही हे विचारून पाहा.

भार पुढे जातो

मग निर्माते पुढे डिस्क आणि मागे ड्रम असे का करतात? काटकसर म्हणून, असे सरसकट उत्तर मिळते. ड्रम स्वस्त पडतो हे खरेच आहे, पण तेवढ्यावर ही गोष्ट संपत नाही.

एस. टी. ने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचेही तसेच होते. अडवणारे बल खाली रस्त्यापाशी आणि गुरुत्वमध्य त्याच्या अर्धा-पाऊण मीटर वर. त्यामुळे गाडी पुढच्या चाकांवर दबते आणि मागच्या चाकांवरून उचलली जाते. मारुती ८०० च्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर सुमारे २.२ मीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर धरली, तर उंचीचे या अंतराशी प्रमाण एक-चतुर्थांश होते. चालक एकटाच असताना उभ्या गाडीचा ६० टक्के भार पुढे आणि ४० टक्के मागे असतो असे समजू. गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदनाने ब्रेक लावला की ०.८ चा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण भाराचा २० टक्के भाग मागून पुढे सरकतो. आता पुढे ८० आणि मागे फक्त २०!

घर्षण भारावर अवलंबून असते. ज्या चाकांवर २० टक्के भार आहे ती चाके ब्रेकचे २० टक्केच काम करू शकतात. त्यांना त्याहून जास्त जोर लावला तर ती फिरायची थांबतात आणि घसरू लागतात. मागे चौघे बसले किंवा डिकीत गुळाच्या ढेपा भरल्या की मागच्या चाकांचा वाटा वाढतो, पण जोराच्या ब्रेकला तो तीसेक टक्क्यांच्या फार पुढे जात नाही.

मागचे चाक घसरल्यास काय होते हे स्कूटर चालवलेल्या कोणालाही सांगायला नको. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेल्या 'प्रिया' स्कूटरवर आमच्या पिढीतले कितीतरी जण शिकले. दोन्ही चाकांना ड्रम, मागचा ब्रेक पायाशी. पावसाळ्यात घाबरून पायाचा ब्रेक दाबला की स्कूटरचे मागचे अंग आडवे होऊन आपल्याशी शर्यत लावायला यायचे. चार चाकांचेही तसेच होते, आणि ते वर्गात दाखवता येते.

एक खेळण्यातली मोटार घ्या, शक्यतो रबरी चाकांची. एक मीटरभर लांबीची गुळगुळीत फळी एका बाजूने उचलून उतार करा. कागदाची घडी चाक आणि सांगाडा यांच्यात खोचून आधी पुढची दोन चाके जाम करा आणि मोटार सरळ सोडा. ती सरळ घसरत खाली येईल. (येत नसेल तर उतार वाढवा.) आता पुढची चाके मोकळी करून मागची दोन जाम करा. मोटार थोडी घसरते न घसरते तोच तिरकी होते आणि बहुतेक वेळा पूर्ण वळून, मागचे तोंड पुढे करून तळाला पोहोचते. मुलांचा अंदाज नेमका उलटा असतो. म्हणून प्रयोगाआधी फळ्यावर मते मांडून घ्यावीत, मजा येते.

कारण असे. फिरते चाक आपल्या दिशेने सहज लोळते, पण त्याला आडवे सरकवू गेलात तर जोराने विरोध करते. जाम झालेल्या चाकाचे मात्र सगळे घर्षण घसरण्याच्या उलट दिशेला खर्च होते. आडवा विरोध करायला त्याच्यापाशी काही उरत नाही. मागची चाके जाम असताना गाडी किंचित तिरकी झाली, की पुढच्या फिरत्या चाकांवर आडवे बल येते. ते गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने गाडीला आणखी तिरकी करते. पुढची जाम आणि मागची फिरती असतील, तर तेच बल गुरुत्वमध्याच्या मागे लागते आणि बाणाच्या पिसांसारखे गाडीला सरळ ठेवते. मात्र पुढची चाके जाम झाली की सुकाणू चालत नाही, गाडी सरळच जाते. हेही वाईटच, पण घाटात गर्रकन फिरण्यापेक्षा बरे. म्हणून मोटार बनवणारा कोणताही अभियंता 'मागची चाके आधी जाम होता कामा नयेत' ही अट पहिल्यांदा घालून घेतो. त्यासाठी अनेक गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या तेलाचा दाब एका मर्यादेनंतर रोखणारी झडपही असते.

ड्रमची काठी

आता ड्रम आणि डिस्क यांच्याकडे वळू. डिस्क ब्रेक समजायला सोपा आहे. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड. सायकलच्या रिमला दोन रबरी गुटके धरतात तसेच. जेवढा दाब, त्या प्रमाणात घर्षण.

ड्रममध्ये लोखंडी डबा चाकाबरोबर फिरतो आणि आतले दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेरच्या दिशेने फाकून त्याच्या आतल्या भिंतीवर घासतात. यात एक गंमत आहे. एक काठी घ्या. तिचे टोक आपल्यापुढे जमिनीवर तिरके टेकवून काठी पुढे ढकला. ती जमिनीत रुतते. जितकी ढकलाल तितकी जास्त. आता तीच काठी मागे टेकवून ओढत न्या, सहज घसरत येते. ड्रममधला एक शू पहिल्या काठीसारखा असतो. फिरणारा ड्रम त्याला घर्षणाने आणखी आत ओढतो, त्यामुळे तो आपण लावलेल्या जोरापेक्षा कितीतरी अधिक जोराने चिकटतो. दुसरा शू ओढलेल्या काठीसारखा, कमी काम करणारा. गाडी मागे घेताना दोघे आपापली कामे बदलतात. म्हणूनच चढावर किंवा उतारावर, कुठेही तोंड करून गाडी उभी केली तरी हँडब्रेक ती धरून ठेवतो, आणि तोही एका तारेच्या ओढीने.

एका शूवर लावलेल्या बलाच्या मानाने अशा साध्या ड्रममध्ये सुमारे २ ते २.५ पट घर्षणबल मिळते. डिस्कमध्ये दोन्ही पॅड मिळून ०.७ ते ०.८ पटच. म्हणजे तितकेच काम करून घ्यायचे तर डिस्कला तिपटीने जास्त दाबावे लागते. तेलाचा दाब पास्कलच्या नियमाप्रमाणे सगळीकडे सारखाच. मग बल वाढवायचे तर दट्ट्याचे क्षेत्रफळ वाढवायला हवे. म्हणून डिस्कच्या कॅलिपरमधला दट्ट्या ड्रममधल्यापेक्षा बराच मोठा असतो.

आता मिस्त्रींच्या सूचनेचा हिशेब करता येईल. समजा मागच्या ड्रममधल्या दट्ट्याचा व्यास १७ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्या गाडीवरून आणलेल्या कॅलिपरमधल्या दट्ट्याचा ३४. व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. ड्रमचा गुणक २.२ आणि डिस्कचा ०.७५ धरू. आधी १ गुणिले २.२, म्हणजे २.२, आता ४ गुणिले ०.७५, म्हणजे ३. पेडल तेवढेच दाबले तरी मागच्या चाकांवरचा ब्रेक सुमारे ३५ टक्क्यांनी वाढला. ऐकायला छान वाटते. पण ज्या चाकांवर भारच २० टक्के आहे त्यांना हा जादा जोर पेलणार कसा? ओल्या रस्त्यावर, एकटा चालक असताना ती पुढच्यांच्या आधी जाम होतील, आणि आपला फळीवरचा प्रयोग रस्त्यावर होईल. शिवाय मोठ्या दट्ट्याला तेल जास्त लागते. मूळचे मास्टर सिलिंडर ते पुरवेलच असे नाही. म्हणजे पेडल खाली जाते ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे पेडल आणखी खाली! हे टाळायला लहान दट्ट्याचे कॅलिपर शोधून मागचा जोर पूर्वीइतकाच ठेवला, तर प्रश्न उरतो की पैसे कशासाठी खर्च केले. यात हँडब्रेकचे काय करायचे हा भाग वेगळाच. डिस्कला तो निराळ्या युक्तीने जोडावा लागतो, आणि घरगुती बदलांत बहुधा तोच आधी सैल पडतो.

डिस्कचे गुण मला नाकारायचे नाहीत. ड्रमची काठी जशी मदत करते तशीच ती लहरीही आहे. घर्षणगुणांक थोडा घसरला की तिची मदत त्याहून झपाट्याने घटते. म्हणून तापलेला किंवा भिजलेला ड्रम अचानक 'लागेनासा' होतो. तापल्यावर ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. डिस्क मात्र पॅडच्या दिशेने जाड होते. डिस्क उघड्यावर असते, म्हणून लवकर थंड होते आणि पाणी झटकून टाकते. २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्यांनी चाकभर पाण्यातून गाड्या काढल्या त्यांना पाणी शिरलेला ड्रम कसा वागतो हे माहीत असेल. (अशा पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत काही वेळ ब्रेक हलका दाबून ठेवावा, उष्णतेने शू वाळतात.) याच गुणांमुळे डिस्क आधी शर्यतींत आणि मग रस्त्यावर आली. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते, पण ती नावारूपाला यायला पन्नास वर्षे लागली. १९५३ साली जॅग्वार गाड्यांनी डिस्क ब्रेकच्या जोरावर फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि १९५५ मध्ये सित्रोएनने 'डीएस' या मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटारीला पुढे डिस्क बसवल्या. पुढे, कारण काम पुढे असते.

वेगवान आणि जड गाड्यांना चारही चाकांना डिस्क योग्यच आहेत. तिथे सगळी रचना सुरुवातीपासून त्या हिशेबाने केलेली असते, आणि चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही सोबत असते. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आहे. २०१० च्या मारुतीत ती नाही. दुसऱ्या टोकाला, २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनोला चारही ड्रम होते. आणि गंमत म्हणजे फोक्सवॅगनने २०२० मध्ये बाजारात आणलेल्या 'आयडी ३' या विजेवरच्या मोटारीला मागे पुन्हा ड्रमच आहेत. अशा गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर जनित्रासारखी चालवून होते. मागच्या ब्रेकला फारसे काम उरत नाही आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजत बसते. झाकलेला ड्रम तिथे सोयीचा.

मग पेडल का गेले?

भाच्याच्या मूळ तक्रारीकडे आपण अजून आलोच नाही. "पेडल पार खाली जात होतं", हे त्याचे शब्द महत्त्वाचे आहेत. पॅड तापून त्यांचे घर्षण कमी झाले असते, तर पेडल कडकच राहिले असते, फक्त गाडी अडली नसती. पेडल खाली गेले याचा अर्थ दाब वाटेत कुठेतरी हरवत होता. तो नंतर आपोआप परत आला, म्हणजे गळतीही नव्हती. संशयित उरले दोन. एक, आधीच झिजलेले मागचे शू आणि तापून मोठा झालेला ड्रम. दुसरा, आणि माझ्या मते मुख्य, ब्रेक ऑइल.

याला ऑइल म्हणतात, पण खनिज तेलाशी त्याचा संबंध नाही. ते ग्लायकॉल जातीच्या द्रव्यांचे मिश्रण असते आणि हवेतली वाफ शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. त्यात वजनाने साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षे हे पाणी झिरपत असते. मी भाच्याला विचारले, "ऑइल शेवटचं कधी बदललंस?" तो म्हणाला, "बदलतात का? मी कमी झालं की वरून टाकतो."

पुढच्या कॅलिपरमध्ये दट्ट्या तापलेल्या पॅडच्या अगदी पाठीशी असतो आणि त्याच्या मागे हे तेल. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की उष्णता तिथवर पोहोचते आणि तेलात वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर त्याच्यातून बल पोहोचते. वायू मात्र दाबला जातो. आपण पेडल दाबतो ते बुडबुडे दाबण्यात जाते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल जागेवर येते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात कोणत्याही मिस्त्रींना दोष सापडू नये हे साहजिकच आहे. आणि ड्रममध्ये तेलाचे सिलिंडर घासणाऱ्या पृष्ठभागापासून जरा लांब असते. मागे डिस्क बसवली असती, तर हे जुने ऑइल आणखी दोन ठिकाणी तापलेल्या पॅडच्या पाठीशी नेऊन ठेवले असते!

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. त्यामागे केवळ सरकारी खाक्या आहे असे मला वाटत नाही. नव्या मॉडेलचे ब्रेक पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थांत संपूर्ण गाडीवर, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत तपासले जातात. वेल्ड केलेल्या पट्टीवरच्या कॅलिपरची अशी परीक्षा शंभर फुटी रस्त्यावर घेता येत नाही; ती घाटातच होते.

मी भाच्याला यादी सांगितली. सगळे ब्रेक ऑइल काढून नवे भरायचे आणि प्रत्येक चाकापाशी हवा काढून घ्यायची. पुढचे पॅड पाहायचे. मागचे ड्रम उघडून शू आणि गळती पाहायची, अंतर जुळवून घ्यायचे. मिस्त्रींनी हे सगळे नीट केले आणि काढलेले ऑइल बाटलीत ठेवले. ते चहासारखे तपकिरी होते. नवे ऑइल मधासारखे फिके असते. पुढचे पॅड चकचकीत होऊन तडकले होते, ते बदलले. मागचे शू अर्धेही झिजले नव्हते, पण ड्रमपासून बरेच लांब राहिले होते. डिस्कसाठी सांगितलेल्या खर्चाच्या छोट्याशा भागात हे काम झाले.

राहिला चालवण्याचा भाग. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटर वेगाला या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते. ॲक्सिलरेटर सोडलेला असला की ते उलट गाडीकडूनच ओढले जाते आणि त्याचे घर्षण व हवा खेचण्याची कसरत यांत तीनेक किलोवॅट खर्ची पडतात. आपल्या उरलेल्या ३० लाख ज्यूलना त्या वेगाने घाटाच्या २४ मिनिटांत वाटले, तर सरासरी २ किलोवॅटच्या आसपास येतात. म्हणजे तत्त्वतः इंजिन एकटेच ते पचवू शकते; ब्रेक लागतो तो तीव्र उतारावर आणि वळणाआधी, तेवढ्यापुरता. जुने चालक सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हे आकडे त्यांनी मांडले नव्हते, पण त्यांचे म्हणणे या हिशेबात बसते.

जानेवारीत आम्ही पुन्हा पाचगणीला गेलो. उतरताना भाच्याने सांगितल्याप्रमाणे दुसरा गिअर ठेवला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, त्यांना पुढे जाऊ दिले. वाईत पोहोचल्यावर मी चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला, अर्थातच न टेकवता. पुढच्या चाकांतून चुलीपाशी बसल्यासारखी ऊब येत होती. मागचे ड्रम कोमट होते.